याजक कोण? काउंटरवर आणि मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवापूरच्या बाजूला माझं छोटं कृषी केंद्र आहे, आणि रविवारी मी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांपैकी एक असतो. लोक दोन्हीकडे प्रश्न विचारतात. दुकानात बियाण्याचे, मंडळीत शास्त्राचे, आणि गिऱ्हाईक कमी असलं की दुकानातही शास्त्राचेच. त्यातही ‘याजक’ या शब्दाभोवतीचे प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदा लिहूनच काढावीत असं ठरवलं.

मी सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकलेलो नाही. वाचत आणि विचारत आलो, एवढंच. प्रॉटेस्टंट आहे, हेही आधीच सांगतो, कारण तो कल काही उत्तरांत दिसेल. कॅथलिक बाजू मात्र त्यांना आपली वाटेल अशीच मांडायचा प्रयत्न केला आहे.

“तुमना पाद्री म्हंजे आमना भटजीच शे ना?”

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि नेमका युरियाचं पोतं गाडीवर चढवताना येतो. तेवढ्या वेळात देता येईल असं उत्तर: दिसायला तसं दिसतं. लग्न लावतो, लेकराला आशीर्वाद देतो, मयताला येतो. पण भटजीपण जन्मानं येतं, पाद्री कुठल्याही घरातून येऊ शकतो. आणि दुसरं म्हणजे, आमच्या समजुतीप्रमाणे पाद्री तुमच्या वतीनं देवापुढे बळी चढवत नाही. तो बळी एकदा होऊन गेला आहे. यावर गिऱ्हाईक “बरं” म्हणतं आणि निघून जातं. ज्यांना थांबायला वेळ आहे त्यांच्यासाठी पुढचं.

याजक, पुरोहित, धर्मगुरू, पाळक, वडील हे सगळे एकच का?

नाहीत, आणि निम्मा गोंधळ इथेच आहे.

मराठी पवित्र शास्त्रात ‘याजक’ हा शब्द हिब्रू ‘कोहेन’ आणि ग्रीक ‘हिएरेउस’ या शब्दांसाठी येतो. वेदीपाशी सेवा करणारा, अर्पण देवापुढे नेणारा, असा त्याचा अर्थ. ‘वडील’ हा शब्द ‘प्रेस्बुतेरोस’साठी आहे: वयानं, अनुभवानं मोठा, मंडळीकडे बघणारा. ‘अध्यक्ष’ म्हणजे ‘एपिस्कोपोस’, देखरेख करणारा. याच शब्दाचा झिजत झिजत ‘बिशप’ झाला. ‘सेवक’ म्हणजे ‘दियाकोनोस’.

आता गंमत बघा. इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ हा शब्द ‘प्रेस्बुतेरोस’वरून आला, म्हणजे मुळात त्याचा अर्थ ‘वडील’. पण वापरताना त्यात अर्थ भरला गेला ‘हिएरेउस’चा. एकाचं नाव आणि दुसऱ्याचा झगा. इंग्रजी बायबल वाचणाऱ्याला ही गाठ सोडवत बसावी लागते. मराठीत ‘याजक’ आणि ‘वडील’ हे दोन शब्द वेगळे राहिले, त्यामुळे आपल्याला ती आयती सुटलेली मिळते. तरी आपण बोलताना पुन्हा सगळं एकत्र कालवतो, ते वेगळं.

शब्द वेगळे ठेवून नवा करार वाचला की एक गोष्ट डोळ्यात भरते. मंडळीतल्या कुठल्याही पदाधिकाऱ्याला तिथे ‘हिएरेउस’ म्हटलेलं नाही. यरुशलेमच्या मंदिरातल्या यहुदी याजकांना म्हटलं आहे, लुस्त्र गावाजवळच्या देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा म्हटलं आहे (प्रेषितांची कृत्ये १४). इब्रीकरांस पत्रात ख्रिस्ताला म्हटलं आहे. आणि सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळून म्हटलं आहे. पण पेत्राला, तीमथ्याला किंवा कुठल्या गावच्या वडिलांना नाही. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात सुवार्ता सांगण्याच्या आपल्या कामाला याजकाच्या सेवेची उपमा देतो, पण तिथेही त्याचं अर्पण म्हणजे परराष्ट्रीय माणसं, बकरं नव्हे.

आपल्याकडचे बाकीचे शब्द: प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळक’ किंवा ‘पास्टर’, पत्रिकेवर ‘रेव्हरंड’; कॅथलिकांत ‘फादर’, ‘धर्मगुरू’, आणि बिशपांना ‘महागुरुस्वामी’. ‘पाद्री’ हा पोर्तुगीज ‘पाद्रे’चा अवतार, अर्थ ‘पिता’.

जुन्या करारातला याजक नेमकं करायचा काय?

बकरं कापायचा, असं उत्तर हमखास येतं. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा पहिला अध्याय सावकाश वाचा. होमबलीचं जनावर घेऊन येणारा माणूस स्वतः त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि स्वतःच ते कापतो. याजकाचं काम त्यानंतर सुरू होतं: रक्त वेदीपाशी नेणं, विस्तव घालणं, लाकडं रचणं. म्हणजे अर्पण भक्ताचंच होतं. याजक ते पुढे पोचवणारा होता.

बाकी त्याच्या कामांची यादी वाचताना मला तलाठी, आरोग्यसेवक आणि मास्तर हे तिघं एकाच माणसात दिसतात. अंगावरचा चट्टा बघून शुद्ध की अशुद्ध ठरवायचं. बरा झालेल्याला पुन्हा वस्तीत घ्यायचं. भिंतीला चट्टे पडलेलं घर सात दिवस बंद करायचं आणि मग परत जाऊन बघायचं. दर शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, बारा भाकरी मांडायच्या. दिवा विझू द्यायचा नाही. लोकांना नियमशास्त्र शिकवायचं. आणि लोकांवर परमेश्वराचं नाव ठेवून आशीर्वाद द्यायचा. गणनाच्या सहाव्या अध्यायातला तो आशीर्वाद आजही आमच्या उपासनेच्या शेवटी म्हणतात.

महायाजकाचा पोशाख निर्गमच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. छातीवर बारा रत्नं, एकेका वंशाचं एकेक नाव. दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न, प्रत्येकावर सहा नावं. तो आत जायचा तेव्हा अख्ख्या लोकांना छातीवर आणि खांद्यावर घेऊन जायचा. याजकपण म्हणजे काय, हे कुणी एका चित्रात विचारलं तर मी हे चित्र सांगतो.

वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, तो पडद्याआड परमपवित्र स्थानात जायचा. आणि आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करायचा. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

आपल्या शेतकऱ्यांना एक गोष्ट फार रुचते: याजकाच्या नावावर सातबारा नव्हता. कनान देशात शिरण्याआधीच परमेश्वरानं पहिल्या महायाजकाला, अहरोनाला, सांगितलं होतं, तुझा वाटा मीच. याजक ज्या वंशातले, त्या लेवी वंशाला राहायला अठ्ठेचाळीस गावं आणि भोवतीचं गायरान मिळालं, पण वंशाच्या वाट्याचा मुलूख नाही. ते लोकांच्या दशमांशावर जगायचे, आणि त्या दशमांशाचाही दशमांश याजकांना द्यायचे. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्यानं यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि ही सगळी व्यवस्था थांबली.

येशू तर यहूदा वंशातला. मग तो याजक कसा?

हा प्रश्न आमच्या मंडळीतल्या एका नववीतल्या मुलीनं विचारला होता, आणि इब्रीकरांस पत्र लिहिणाऱ्यानंही तो टाळलेला नाही. त्यानं सरळ मान्य केलं आहे, की आपला प्रभू यहूदा वंशातून आला आणि त्या वंशातल्या याजकांविषयी मोशेनं काहीच सांगितलेलं नाही (७:१४). येशूनं मंदिरात कधी धूप जाळला नाही. तो हक्क जखऱ्यासारख्यांचा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बापाचा. त्याच्या नावची चिठ्ठी निघाली तेव्हा तो आत गेला होता.

उत्तर सापडतं उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात. अब्राम लढाई जिंकून परततो आणि शालेमचा राजा मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन त्याला सामोरा येतो. तो परात्पर देवाचा याजक आहे. त्याचा बाप कोण, वंश कुठला, तो मेला कधी, काहीच सांगितलेलं नाही. तो आशीर्वाद देतो, अब्राम त्याला दशमांश देतो, आणि तो गोष्टीतून निघून जातो. पुढे एकशेदहाव्या स्तोत्रात एकदम ओळ येते: तू मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे युगानुयुग याजक आहेस.

इब्रीकरांचा लेखक हा धागा पकडतो. लेवी अजून जन्मालाही आला नव्हता, तो आपल्या पणजोबाच्या कंबरेत होता, आणि त्या पणजोबानं मलकीसदेकापुढे मान लववली. म्हणजे लेवीच्या याजकपणाहून थोर असं एक याजकपण आधीपासून होतं. ते वंशावर चालत नव्हतं. ख्रिस्ताचं याजकपण त्या जातीचं.

तुम्हाला हे वकिली वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटलं. पण ज्या समाजात पूजेचा अधिकार रक्तातून येतो, त्या समाजात राहून हा अध्याय वाचला की तो वकिली वाटायचा थांबतो.

‘एकदाच’ या शब्दावर एवढा जोर का?

कारण इब्रीकरांस पत्र सगळं त्या शब्दावर उभं आहे. निवासमंडपात, म्हणजे मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूत, दिवा होता, मेज होतं, वेदी होती, पण बसायला आसन नव्हतं. याजक उभाच असायचा, कारण काम संपायचंच नाही. दहाव्या अध्यायात म्हटलं आहे: प्रत्येक याजक दररोज उभा राहून तीच ती अर्पणं करतो, ख्रिस्तानं मात्र एकच अर्पण केलं आणि तो बसला. त्या ‘बसला’मध्ये सगळं आलं.

त्याला आधी स्वतःसाठी गोऱ्हा लागला नाही. त्यानं दुसऱ्याचं रक्त नेलं नाही, स्वतःचंच नेलं. याजकही तो, अर्पणही तोच. तो मेला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मत्तय सांगतो. बसला म्हणून तो गप्प आहे असं मात्र नाही. तो आपल्यासाठी विनंती करायला सर्वदा जिवंत आहे, असं त्याच पत्रात आहे.

मग ‘आपण सगळे याजक’ हे कुठून आलं?

सिनाय डोंगराच्या पायथ्याशी परमेश्वर इस्राएलला सांगतो, तुम्ही मला याजकराज्य व्हाल (निर्गम १९). अजून अहरोनाच्या घराण्याची नेमणूक झालेली नाही, आणि आधीच अख्खं राष्ट्र याजक आहे. कुणासाठी? बाकीच्या जगासाठी. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात हेच शब्द उचलतो आणि आज्या, गुलाम, परदेशात विखुरलेले गरीब विश्वासणारे यांना उद्देशून लिहितो: तुम्ही राजकीय याजकगण आहात. इथे ‘राजकीय’ म्हणजे राजाचं, निवडणुकीचं नव्हे. (हे दर वेळी सांगावं लागतं. एकदा एकानं विचारलं होतं, मग तिकीट कोणत्या पक्षाचं.)

१५२० साली प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं जर्मनीच्या सरदारांना उद्देशून जे लिहिलं, त्यात हा मुद्दा त्यानं जोरानं मांडला. चांभार, लोहार, शेतकरी, प्रत्येकाचं काम वेगळं, पण बाप्तिस्म्यानं सगळे सारखेच याजक. त्या काळी धर्मगुरूंचा वर्ग वरचा आणि बाकीचे खालचे अशी भिंत होती, ती त्याला पाडायची होती.

एक गैरसमज मात्र काढून टाकतो. ‘सगळे याजक’ याचा अर्थ ‘मीच माझा याजक, मला कुणाची गरज नाही’ असा लावतात. याजक कधी स्वतःपुरता नसतो. छातीवरची ती बारा नावं आठवा. सगळे याजक म्हणजे प्रत्येकाच्या छातीवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव.

सगळेच याजक, तर पाळकाला मानधन कशाला द्यायचं?

दरवर्षी वार्षिक सभेत हा प्रश्न निघतो, आणि तो काढणाऱ्याची वर्गणी थकलेली असते.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याचं पाणी फडातल्या सगळ्या खातेदारांचं. तरी ते एक पाटकरी नेमतात. तो पाळीप्रमाणे एकेकाच्या वावरात पाणी सोडतो, पाटाची फूट बघतो, रात्री फिरतो. पाणी त्याचं नसतं. पण पाटकरी नसला तर वरच्याचं वावर तुंबतं आणि शेवटच्याचं कोरडं राहतं. ल्यूथरनंही जवळपास हेच म्हटलं होतं: सगळे याजक आहेत, म्हणूनच जे सगळ्यांचं आहे ते एकट्यानं उठून हातात घेऊ नये, मंडळीनं नेमावं. वचन सांगणं, बाप्तिस्मा देणं, प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचं, मेज चालवणं यासाठी शिकलेला, पारखलेला, नेमलेला माणूस असावा. आणि त्यालाही पोट आहे.

नव्या करारात नाही, तर मग चर्चमध्ये ‘याजक’ आला कसा?

हळूहळू. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंटच्या पत्रात मंडळीतली शिस्त समजावताना महायाजक, याजक, लेवी, सामान्य लोक असा दाखला दिला आहे. दाखलाच, पदाचं नाव नव्हे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा इग्नाती ‘बिशप, वडील आणि सेवक’ अशी तीन पदं मोजतो. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो तोपर्यंत बिशपला सरसकट याजक म्हटलं जात होतं. प्रभुभोजनाकडे अर्पण म्हणून बघितलं जात होतं. आणि अर्पण आहे म्हटल्यावर ते करणाऱ्याला याजक म्हणणं ओघानंच आलं. पुढे बिशपांचं ते नाव वडिलांनाही लागलं.

हा बिघाड होता की वाढ, यावर पाचशे वर्षं वाद चालू आहे. मला यात दोन्ही दिसतं.

कॅथलिक फादर आणि आमचे पाळक यांत नेमका फरक काय?

खान्देशातल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मुळं अमेरिकेहून आलेल्या मिशनऱ्यांच्या कामात आहेत: पश्चिमेला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन, भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. त्यांच्यासोबत गावोगाव फिरले ते बहुतेक दीक्षा न झालेले सुवार्तिक आणि बायबलबाया. त्यामुळे आमच्या हाडात ‘पद’ कमी आणि ‘काम’ जास्त आहे. कॅथलिकांसाठी खान्देश १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो.

कॅथलिक शिकवण अशी. ख्रिस्ताचा बळी एकच आणि एकदाच, हे त्यांनाही मान्य आहे. मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, हा दुसरा बळी नव्हे. तोच बळी तिथे आपल्यापुढे हजर होतो. तो हजर करणारा फादर स्वतःच्या नावानं उभा नसतो, ख्रिस्ताच्या ठायी उभा असतो. म्हणून तो “हे ख्रिस्ताचं शरीर” असं म्हणत नाही, “हे माझं शरीर आहे” असं म्हणतो. गुरुदीक्षा हा सात संस्कारांपैकी एक, आणि त्याचा ठसा आत्म्यावर कायमचा उमटतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये हे ठामपणे मांडलं.

आमच्यातले बरेच लोक इथेच थांबतात आणि वाद घालतात. पुढचंही वाचावं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली स्पष्ट म्हटलं, की बाप्तिस्मा झालेले सगळेच ख्रिस्ताच्या याजकपणात सहभागी आहेत. दीक्षित धर्मगुरूंचं याजकपण त्याहून केवळ कमीजास्त नव्हे तर प्रकारानंच वेगळं आहे, पण दोन्ही एकमेकांसाठी आहेत. मतभेद उरतो तो त्या ‘प्रकारानंच वेगळं’वर. आम्ही म्हणतो काम वेगळं, माणूस तोच. ते म्हणतात दीक्षेनं माणसातच काही घडतं. मी अजून आमच्याच बाजूला आहे. पण एका म्हाताऱ्या फादरांना डोंगरातल्या एका झोपडीत, चार माणसांपुढे, कॅथेड्रलमध्ये असल्यासारखी मिस्सा करताना पाहिलं तेव्हापासून मी वाद घालायचा थांबलो.

फादर पाप माफ करतात का? माणूस माणसाचं पाप कसं माफ करील?

कॅथलिक उत्तर: माफ देवच करतो, फादरच्या तोंडून. योहानाच्या विसाव्या अध्यायात उठलेला प्रभू शिष्यांना सांगतो, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची झाली. ऐकलेलं फादर कुणापाशीही बोलू शकत नाही, जिवावर बेतलं तरी. आमच्याकडे सगळे मिळून पाप कबूल करतात आणि पाळक क्षमेचं वचन वाचून दाखवतो. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर म्हणतो, एकमेकांपाशी पापं कबूल करा. ते आम्ही प्रॉटेस्टंट सोयीस्कर विसरलो आहोत. आमच्याकडे दुसऱ्याची पापं कबूल करायची पद्धत जास्त आहे.

पाळकाचं वागणं वाईट निघालं, तर त्यानं दिलेला बाप्तिस्मा फुकट गेला का?

हा प्रश्न मला माझ्याच घरात पडला होता. माझा बाप्तिस्मा ज्यांच्या हातून झाला, ते पुढे मंडळीच्या पैशात अडकले. माझी आई आठवडाभर जेवली नाही नीट. तिला पैशाचं दुःख नव्हतं; पोराचं काय झालं, हे तिला कळत नव्हतं.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत हाच प्रश्न पेटला. डायोक्लेशनच्या छळात काही बिशपांनी शास्त्राच्या प्रती शिपायांच्या हवाली केल्या होत्या. अशांच्या हातून झालेली दीक्षा खोटी, असं डोनाटस पंथाचे लोक म्हणू लागले आणि वेगळे झाले. तिथल्याच बिशप ऑगस्टीननं त्यांना उत्तर दिलं: पेत्रानं बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्त, येशूला धरून देणाऱ्या यहूदानं दिला तरी देणारा ख्रिस्तच. दगडी पाटातून पाणी वाहतं. दगडाला त्यातून काही उगवत नाही, पण पुढच्या बागेला ते पोचतं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पाट फुटला तर दुरुस्त कोण करतं? तेही खरंच. पाणी चांगलं आहे म्हणून पाटकऱ्याचा हिशेब मागायचा नाही, असं ऑगस्टीननं कुठे म्हटलेलं नाही. आता आमच्याकडे दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत.

बाईला पाळकाची किंवा धर्मगुरूची दीक्षा मिळते का?

मंडळीवर अवलंबून. १९४४ साली, युद्धाच्या दिवसांत, चीनमध्ये फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना अँग्लिकन बिशपांनी दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेतली ती पहिली. चर्च ऑफ इंग्लंडनं १९९४ च्या मार्चमध्ये स्त्रियांना दीक्षा द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढून सांगितलं, की असा अधिकार चर्चला नाहीच. ऑर्थोडॉक्स मंडळ्याही देत नाहीत. भारतात २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियानं आंध्रातल्या नंद्याल धर्मप्रांतासाठी पुष्पा ललिता यांना बिशप नेमलं.

विरोध करणारे म्हणतात, अहरोनाच्या घराण्यातले याजक पुरुष होते, बारा प्रेषित पुरुष होते. बरोबर. ते सगळे यहुदीही होते, ती अट आपण केव्हाच सोडली. माझं मत यातून कळलंच असेल. आमच्या आजूबाजूच्या कितीतरी वाड्यांवर मंडळी आज टिकून आहे ती बायांमुळे. पुरुष उपासनेला येतात. बाया उपासना चालवतात.

फादर लग्न का करत नाहीत?

हा शिस्तीचा नियम आहे, श्रद्धेचा सिद्धांत नाही. पश्चिमेच्या चर्चनं तो बाराव्या शतकात, ११३९ च्या लॅटरन परिषदेत, पक्का केला. पूर्वेकडच्या मंडळ्यांत लग्न झालेल्या माणसाला दीक्षा मिळते. पेत्राला सासू होती, म्हणजे बायकोही होतीच.

पाळकाचा मुलगा पाळकच व्हायला हवा का?

नको. ते लेवीचं झालं, मलकीसदेकाचं नव्हे.

आमच्या पाड्यावरचा भगत आणि याजक यांत काय फरक?

जपून बोलावं असा हा प्रश्न आहे. आपल्यातल्या पुष्कळांचे आजे भगताकडे जात, काहींचे आजे स्वतः भगत होते. भगत आजार ओळखायचा, पेरणीआधी गावदेवाचं करायचा, कुणाला काय लागलं ते सांगायचा. चट्टे बघणारा आणि घर तपासणारा लेवीय याजक वाचताना आपल्या म्हाताऱ्यांना तो ओळखीचा वाटतो, तो यामुळेच. त्यांना हसू नये. गावाचं दुखणं एका माणसानं अंगावर घ्यायचं, ही समज त्यांच्यात आधीपासून होती.

मला काळजी वेगळीच आहे. आपण भगत सोडला आणि पाळकाला भगत केलं. रात्री दोनला फोन: “पास्टर, तुम्हीच प्रार्थना करा, तुमच्या प्रार्थनेत पॉवर आहे.” तेलाची बाटली, रुमाल, पाण्यावर हात. याकोबानं आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवा म्हटलं आहे, तेल लावा म्हटलं आहे, ते खरं. पण अनेकवचनी म्हटलं आहे, आणि प्रार्थना विश्वासाची म्हटली आहे, एका माणसाच्या पॉवरची नव्हे. काही पाळकांनाही ही गादी आवडते. मध्यस्थ एकच, असं तीमथ्याला लिहिलेलं आहे. आणि ताप उतरत नसेल तर चिंचपाड्याच्या हॉस्पिटलात न्या. तिथल्या नर्सही याजकगणातल्याच आहेत.

मी शेतकरी. सोमवार ते शनिवार मी कसला याजक?

रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय: आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. इब्रीकरांस पत्राचा तेरावा: चांगलं करणं आणि दान करणं विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो. म्हणजे अर्पणं संपली नाहीत, बळी संपला. उरलेली अर्पणं बिनरक्ताची आहेत आणि ती तुमच्याच हातात आहेत.

उदाहरण द्या म्हणतात, तर देतो. कापूस वेचणाऱ्या बाईचं वजन काट्यावर खरं धरणं. (माझ्या काट्याविषयीही बोला, असं कुणीतरी म्हणेल. बोला.) भाऊबंदकीत बांधावरून बोलणं बंद असेल तर सणाच्या आधी जाऊन बोलणं. शेजारच्या आजारी म्हातारीचं नाव रोज प्रार्थनेत घेणं, ती कुठल्या देवाला मानते ते न विचारता. याजक दोन्हीकडे तोंड करून उभा असतो: लोकांचं देवापुढे न्यायचं आणि देवाकडचा आशीर्वाद लोकांपुढे आणायचा. हंगामाच्या सणाला तुम्ही ज्वारीची कणसं आणि भोपळे वेदीपाशी ठेवता, पाळक नव्हे. लेवीयच्या पहिल्या अध्यायासारखंच आहे ते.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो. पाच महिने पाळक नाही. मग प्रभुभोजनाचं काय?

हा प्रश्न दरवर्षी एकच माणूस विचारतो, टोळीचा मुकादम, जाण्याच्या आदल्या रविवारी.

नियम सांगायचा तर आमच्या मंडळीत प्रभुभोजन दीक्षित पाळकानंच द्यायचं असतं. कॅथलिकांत तर धर्मगुरूशिवाय मिस्सा होतच नाही. काही स्वतंत्र मंडळ्यांत वडील देतात. आमच्या पंचांनी यावर दोन बैठका घेतल्या. शेवटी असं ठरलं, की पाळकांनी हंगामात दोनदा बार्डोलीकडच्या तळांवर जायचं, भाड्याचे पैसे मंडळीनं द्यायचे. बाकीच्या रविवारी टोळीनं स्वतः वचन वाचायचं, गायचं, पाप कबूल करायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची, आणि आजारी पडलेल्याच्या खोपटात जाऊन यायचं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

गेल्या वर्षी पाळकांसोबत मीही गेलो. पोचायला रात्र झाली. उसाच्या पाचटाच्या खोपटांमध्ये एक बॅटरी लटकवलेली होती आणि मुकादमाची बायको, जिला सही करता येत नाही, तोंडपाठ स्तोत्र म्हणत होती, मावची बोलीत. आम्ही मागे जाऊन बसलो. तिचं संपेपर्यंत पाळकांनी झगा पिशवीतून काढला नाही.